बर्फासाठी घेतलेली गाडी

नीउ-व्हेनेप हे गाव समुद्राच्या पातळीच्याही खाली आहे. पूर्वी तिथे सरोवर होतं. डच लोकांनी ते उपसून कोरडं केलं, शेती केली आणि मग एकसारख्या घरांच्या रांगा बांधल्या. त्यामुळे सगळं गाव पोळपाटासारखं सपाट. चढ म्हणजे हायवेवरचा पूल आणि उतार म्हणजे त्याच पुलाची पलीकडची बाजू. अशा गावात राहून सुश्रुतने डोंगर चढणारी, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी घेतली.

का घेतली, हे त्याला विचारावं लागत नसे. कोणी घरात पाऊल टाकायचा अवकाश, की तो स्वतःच सुरू करायचा. "बर्फ पडू दे एकदा, मग कळेल ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे काय ते." असे तीन हिवाळे गेले. तिन्ही हिवाळ्यांत पाऊस पडला. गाडी शनिवारी आल्बर्ट हाइन सुपरमार्केटपर्यंत जायची, कोबी आणि दूध घेऊन परत यायची, आणि उरलेला आठवडा खिडकीतून दिसेल अशी उभी असायची. रॉटरडॅमच्या ऑफिसला स्वारी ट्रेनने जात असे, कारण ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज पडतं.

या ॲव्हरेजने तर त्याच्या बायकोचं, इरावतीचं, डोकं उठवलं होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात पुरुष मंडळी हातात चिवड्याच्या डिशा घेऊन कोपऱ्यात जमली, की कोणीतरी विचारणारच, ॲव्हरेज किती देते? "सतरा," सुश्रुत बेधडक सांगायचा. गाडीच्या पडद्यावरचा आकडा बाराच्या पुढे कधी गेलेला त्याच्या बायकोने पाहिला नव्हता. तो वर चढावा म्हणून हा माणूस काय काय करायचा! ट्रकच्या मागे मागे गाडी हाकायचा. थंडीत हीटर बंद ठेवायचा, आणि शेजारी इरावती हातमोजे घालून, मांडीवर शाल घेऊन बसायची. विंटर टायर त्याने हौसेने घेतले होते, पण ते लावले की ॲव्हरेज पडतं म्हणून अंगणातल्या शेडमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते.

तिला गाडी चालवायला मिळत नसे. "तुझा पाय जड आहे," असं त्याचं म्हणणं. इरावतीने इथे येऊन शून्यापासून धडे घेतले होते, खडूस शिक्षकाची बोलणी खाल्ली होती, एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाली होती. याने आपलं पुण्याचं लायसन्स गेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, काउंटरवर देऊन डच लायसन्स घेतलं होतं. परीक्षा नाही की काही नाही. आणि हा तिला क्लच शिकवणार. सुरुवातीला तिला या सगळ्याची गंमत वाटायची, पुढे कंटाळा आला. कंटाळ्याच्या पुढे काय असतं, ते तिला गेल्या जानेवारीत कळलं.

जानेवारीत तिची पीएचडीची मुलाखत होती. डेल्फ्टच्या विद्यापीठात ती भर सभागृहात, लोकांसमोर होते. काळे झगे घातलेले प्राध्यापक रांगेने येतात, पुढे हातात दंड घेतलेली बाई असते, आणि ठरल्या वेळेला सुरू झालेलं सगळं तासाभराने संपतं. उमेदवाराच्या दोन बाजूंना दोन सोबती उभे राहतात, त्यांना परानिम्फ म्हणतात. बोलायचं काहीच नसतं, फक्त पाठीशी असायचं. एका बाजूला डेल्फ्टमध्येच राहणारी तिची मैत्रीण आर्या होती. दुसऱ्या बाजूला सुश्रुतने स्वतःहून नाव लावलं होतं आणि मागे शेपूट असलेला काळा कोट भाड्याने आणला होता. फोटोत तो छान दिसणार होता.

इरावतीने चार वर्षं बांधांच्या खालच्या चिकणमातीच्या अभ्यासात घालवली होती. विद्यापीठाचा करार संपला होता आणि नवी नोकरी या पदवीवर अडून होती. परीक्षकांपैकी एक बाई नॉर्वेहून आल्या होत्या आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होत्या. दिवस हुकला की पुढची तारीख उन्हाळ्यानंतरची, तोवर नोकरी कोण राखून ठेवणार?

त्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर बाहेर सगळं पांढरं. रात्रभर बर्फ पडला होता. ट्रेन बंद, बस बंद, फोनवर हवामानाचा नारिंगी इशारा. इरावती घाबरली नाही. उलट तिला नवऱ्याबद्दल थोडं प्रेमच वाटलं. बिचाऱ्याचा दिवस आला एकदाचा, असं मनाशी म्हणत तिने साडी नेसायला घेतली. इतके दिवस आपण त्याला उगाच हसलो, असंही तिला वाटून गेलं.

सुश्रुत मऊ ब्रश घेऊन गाडीवरचा बर्फ झाडायला गेला होता. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"रस्त्यावर मीठ टाकलंय," तो म्हणाला.

"बरं झालं की. बर्फ वितळेल."

"इरा, मीठ. आपल्या अंडरबॉडीला कोटिंग नाहीये अजून. एकदा ते आत जाऊन बसलं की गंज. रीसेल गेली."

"मग?" तिने विचारलं. तो चेष्टा करतोय असं तिला अजून वाटत होतं.

"मग काय, पोस्टपोन करू. कोड ऑरेंज आहे. डच लोक अशा बाबतीत खूप समजूतदार असतात."

ती उत्तर देणार एवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या गाइडचा होता. ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याची ईमेल मिळाली. तू येऊ शकत नाहीस असं लिहिलंय. समितीतले सगळे कालच इथे येऊन राहिलेत, पण तुझा निर्णय असेल तर मी त्यांना सांगतो."

ती साडी नेसत होती तेवढ्यात त्याने हे केलं होतं. तिच्या वतीने, तिला न विचारता.

"मी येतेय," इरावती फोनवर म्हणाली. "ती ईमेल माझी नव्हती."

तिने फोन ठेवला आणि खुंटीवरची किल्ली काढली. साडीवर तिने जाड कोट चढवला, पायांत बूट घातले. सुश्रुत मागून बोलत होता. तुला बर्फात चालवायची सवय नाही, समर टायर आहेत, इन्शुरन्सचं काय. टायर कुणी गुंडाळून ठेवलेत, हे तिने विचारलं नाही. तिला त्याचा राग येत नव्हता. रागावण्याइतकासुद्धा तो तिला मोठा वाटत नव्हता, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"थांब, मी पण येतो," असं म्हणत तो काळा कोट चढवून धावत आला आणि शेजारी बसला. "गाडी अशी एकटी कशी सोडू?"

त्याने नक्की काय म्हटलं ते त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

हायवेवर सगळे गोगलगायीच्या चालीने जात होते. इरावतीने पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवलं, ब्रेक अलगद दाबला, आणि शिक्षकाची सगळी बोलणी मनात आठवत गाडी नेली. एका वळणावर मागचं चाक जरासं सरकलं, तिने पाय उचलला आणि गाडी सरळ झाली. शेजारी मात्र अखंड रडगाणं चालू होतं. ट्रकच्या मागे राहू नकोस, मीठ उडतंय. हीटर एकवर कर. बघ, नऊवर आलं ॲव्हरेज. तिने हीटर पूर्ण सोडला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत तिचे पाय गरम झाले.

लायडन मागे पडल्यावर एक पेट्रोल पंप आला. "घे, आत घे," तो म्हणाला. "इथे कार वॉश आहे. खालून प्रेशरने पाणी मारलं की निम्मं मीठ निघून जाईल. पाच मिनिटांचं काम."

"आत्ता?"

"आत्ताच. वाळलं की घट्ट बसतं."

तिने गाडी आत घेतली. सुश्रुत उतरला. एवढ्या थंडीत कार वॉश चालू आहे का ते विचारायला तो शेपटाचा कोट सावरत, घसरत घसरत काउंटरकडे गेला. काचेच्या आत तो हातवारे करून काहीतरी समजावताना तिला दिसत होता. पंपावरचा माणूस मान हलवत होता. सुश्रुत गेला नाही, बोलतच राहिला. तिने घड्याळ पाहिलं. आज पदवी हुकली असती तरी हा माणूस असाच, एवढ्याच कळकळीने, गाडीच्या पोटाबद्दल बोलत राहिला असता. तिने गियर टाकला आणि गाडी हळूच बाहेर काढली.

डेल्फ्टला ती वेळेवर पोहोचली. परानिम्फची एक जागा रिकामी आहे हे पाहून आर्या थोडी जवळ सरकून उभी राहिली. नॉर्वेच्या बाईंनी तीन अवघड प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं इरावतीने खणखणीत दिली आणि तिसऱ्याचं येत नाही असं सरळ सांगितलं. दंडवाली बाई आत आली, वेळ संपली. समिती उठून गेली, परत आली, आणि इरावती डॉक्टर झाली.

नंतर बाहेरच्या दालनात लोक ग्लास हातात घेऊन उभे होते. टेबलावर आर्याचा लॅपटॉप होता आणि त्यात पुण्याहून इरावतीची आई डोळे पुसत बसली होती. तेवढ्यात दार उघडून सुश्रुत आला. बूट भिजलेले, केस कपाळाला चिकटलेले, शेपटाला चिखल. कुठून तरी टॅक्सी मिळवून आला होता. लोकांनी त्याला वाट करून दिली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. इरावतीला द्यायला म्हणून आर्याने त्याच्यापुढे फुलं धरली.

तो धापा टाकत इरावतीजवळ आला.

"कुठे लावलीयेस?" त्याने विचारलं.

"मागच्या पार्किंगमध्ये," ती म्हणाली आणि तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तो लगेच वळला. फुलं आर्याच्या हातातच राहिली.

"सुश्रुत आलेत वाटतं?" लॅपटॉपमधून आई म्हणाली. "आवाज आला मला. कुठे आहेत?"

"गाडी बघायला गेलाय." इरावती टेबलाजवळ खुर्ची ओढून बसली. "आई, मी आजपासून आर्याकडे राहणार आहे."

"बर्फामुळे का गं?"

"नाही," इरावती म्हणाली. "रस्ते मोकळे झालेत."