कोबीची विळी

दिल्लीत द्वारकेच्या नव्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात उभ्याने काम करायचा काळा ग्रॅनाइटचा ओटा होता, म्हणून माझ्या बायकोची, सुहासिनीची, विळी बाल्कनीत गेली. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून सामान हलवताना मीच ती गोणत्यात भरली होती, आणि त्याच गोणत्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी पाझरली. त्यावर दोन पावसाळे गेले. घडीची विळी होती ती. पातं पाटावर मिटलेलं, आणि बिजागरी गंजून अशी धरलेली की पातं आणि पाट जणू एकत्रच जन्माला आले होते.

गेल्या हिवाळ्यात सुहासिनीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पायातली ताकद परत आली, हातातली आली नाही. तिच्या हातून एकदा सुरी निसटून पावलाशेजारी पडली. तेव्हापासून सूनबाईंनी, तनयाने, सगळ्या सुऱ्या वरच्या कपाटात ठेवल्या. तनया प्रेमानेच वागत होती. पण सुहासिनी रोज सकाळी ओट्याशी जाऊन विचारायची, "आज भाजी कुठली?" आणि उत्तर ऐकून बाल्कनीत येऊन बसायची. पालमच्या विमानतळावर उतरणारी विमानं बघत राहायची. बोलणं मुळातच अडखळत होतं, तेही कमी होत चाललं होतं.

एकदा चहाच्या वेळी तिने डाव्या हाताने बशी सरकवली आणि माझ्या डोक्यात आलं, सुरी हातात धरावी लागते, विळी पायाखाली असते. पातं जागचं हलत नाही, भाजी पुढे जाते. त्याला एक हात पुरेल की काय?

पुरेल की नाही, मला कळेना. मी आयुष्यभर एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक दिले. माझ्या हाताने भिंतीत खिळासुद्धा सरळ गेलेला नाही. शिवाय दिल्लीत अशी विळी सहज विकत मिळत नाही. ही उघडली तरच.

"बाबा, ही चीज कबाडीवाल्याला देऊन टाकू या ना," तनया म्हणाली. ती करोल बागेत वाढलेली, तिला विळी हा शब्द पटकन आठवत नाही. "टिटॅनस होईल यार कुणाला तरी."

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. एवढं बोलायलाही मला धीर करावा लागला.

घरकामातलं माझं एकच कौशल्य म्हणजे दिवाळीआधी समई चिंचेने घासणं. पितळ उजळतं तर लोखंड का नाही, असा विचार करून मी चिंच भिजवली, जुन्या बनियनची पट्टी त्यात बुडवून पात्याला आणि बिजागरीला गुंडाळली. तासाभराने काढायची होती. मी पुस्तक घेऊन बसलो आणि ती मला थेट दुसऱ्या दिवशी सकाळी आठवली.

पट्टी सोडली तर तिच्यातून शाईसारखं काळं पाणी गळलं. तांबडा गंज बराचसा गेला होता, पण त्याच्या जागी पातं कोळशासारखं काळंकुट्ट झालं होतं. ते सुहासिनीपासून लपवावं असं मनात आलं, पण ती मागेच उभी होती.

"मी वाट लावली गं तिची," मी म्हणालो.

तिने वाकून पाहिलं. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. दुखणं आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"केळं," ती म्हणाली. "कच्चं केळं... चिरलं की... अशीच व्हायची. घाबरट! वीट लावा. वीट."

विटा! आमच्या चहूबाजूंना दुसरं होतं काय? गेटबाहेर पडलं की अर्धवट इमारती, वाळूचे ढीग आणि क्षितिजापर्यंत विटाच विटा. तरी मागायला जाताना मी दोनदा परत फिरलो.

"भैया, एक टूटी हुई ईंट मिलेगी?"

चौकीदाराने मला नीट न्याहाळलं. "एक ही? मकान छोटा बना रहे हो, बाबूजी."

मी एक तुकडा आणला, बत्त्याने कुटला, ओल्या फडक्यावर ती पूड घेऊन घासू लागलो. सुहासिनी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. "तसं नाही. धारेकडे... हळू. बोट सांभाळा." पूड काळी व्हायची, मी धुवायचो, पुन्हा लावायचो. आणि मग काळ्यातून एका जागी करडी चमक दिसली. ती पसरत गेली. इतका वेळ हे सगळं आत होतं? मला खरंच कळेना की मी ते आणत होतो की नुसतं त्याच्या वाटेतून बाजूला होत होतो.

पातं पुरतं उजळल्यावर मी उजेडात धरलं. त्याची धार मध्यभागी आत वळली होती, चांगली बोटभर. आधी वाटलं, गंजाने खाल्लं. पण तो बाक नितळ होता. इतक्या वर्षांचे दुधी, गवारी, मेथीच्या जुड्या तिथूनच पुढे गेल्या होत्या. पालेभाजीने लोखंड झिजवलं होतं! अर्थात सहाणेवरची धारही होतीच त्यात. पण मी रोज तिच्यासमोर पेपर वाचत बसायचो आणि हे माझ्यासमोर घडत होतं.

बिजागरी मात्र ऐकेना. खोबरेल तेल सोडलं, बत्त्याने ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. तनया ऑफिसातून आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून बघत राहिली.

"बाबा, हटा जरा. मी पाट धरते, तुम्ही ओढा. फडक्याने धरा बिल्कुल."

आम्ही ओढलं. कर्र असा आवाज झाला, तपकिरी तेल ओघळलं आणि पातं ताठ उभं राहिलं.

तनयाने फ्रीजमधून कोबी काढला, अर्धा करून दिला. सासूच्या काखेत हात घालून तिने तिला खाली बसवलं. "आई, पण लागलं तर मी ही लगेच उचलून ठेवणार हं."

सुहासिनीने पाटावर गुडघा टेकवला. डाव्या हातात कोबी घेतला. पहिला काप जाड गेला, दुसरा वाकडा. तिसऱ्याला खस्स असा ओळखीचा आवाज आला, आणि मग ताटात पांढऱ्या दोऱ्यांचा ढीग वाढू लागला.

"अरे, प्रोसेसरमध्ये पण एवढा बारीक नाही होत!" तनया पुटपुटली.

मी मात्र ताटाकडे बघत नव्हतो. मांडीवर निपचित असणारी तिची उजवी मूठ केव्हातरी वर आली होती आणि कोबीला मागून आधार देत होती. त्यातली दोन बोटं जरा उघडली होती. तिला ते ठाऊक नव्हतं. सांगितलं तर मिटतील, असं वाटून मी श्वासही जपून घेत होतो.

"बघत काय बसलात?" सुहासिनी न अडखळता म्हणाली. "ताट सरकवा इकडे."