सातव्या फेरीचा शेरा

"पुन्हा रिसीव्हर," क्लेमंट बाबियाक टीव्हीकडे बघत म्हणाला. "छप्पर गळतंय आणि साहेब झुंबर घेऊन आले."

स्लोव्हाक क्लबात बसलेली माणसं हसली. ड्राफ्टच्या शनिवारी ती खरं तर क्लेमचं बोलणं ऐकायलाच येत. क्लेम गावच्या वर्तमानपत्रात क्रीडा पान लिहायचा. एरी सरोवराकाठच्या त्या गावात बंद पडायचं राहिलेलं एवढं एकच पान होतं.

दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडून घेतात, तो हा ड्राफ्ट, आणि आदल्या हंगामात जो सर्वांत जास्त हरला त्याची पाळी पहिली. नापासाला पहिल्या पंगतीत बसवायची ही रीत. आपला संघ वर्षानुवर्षं त्या पंगतीत जेवूनही हाडकुळाच राहिला होता. संघाला कोण हवं होतं आणि त्याने कोण आणलं हे ताडून प्रत्येक निवडीला गुण देणं हे क्लेमचं काम. त्या पोरांनी अजून मैदानावर पाऊलही टाकलेलं नसे, पण क्लेमचं त्यावाचून काही अडत नसे.

या वर्षी संघाला काय हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत म्हणून उभे राहतील असे दोन-तीन दांडगे हवे होते. गेला हंगामभर तो बिचारा उभा कमी आणि आडवा जास्त होता. मॅनेजरने मात्र पहिल्या फेरीत एक पळणारा घेतला, दुसऱ्या फेरीत एक झेलणारा, आणि आता पाचव्या फेरीत पुन्हा एक झेलणारा, म्हणजे रिसीव्हरच. क्लेमने त्याच्यापुढे 'डी' लिहिला. धावतो छान, झेलतो छान, चेंडू त्याच्यापर्यंत पोचवणारा माणूस शुद्धीवर असेल का, हे मॅनेजरला विचारायचं नाही.

सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीचा शेरा तो दुपारीच लिहून मोकळा व्हायचा. नावाची जागा कोरी ठेवायची, नाव ऑफिसातली मुलगी भरायची. सातव्या फेरीतली पोरं ऑगस्टमध्ये गाठोडं बांधून घरी येतात, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. त्यांची तोंडं कशाला बघायची? या वर्षीचा शेरा तर त्याला फारच जमून आल्यासारखा वाटत होता.

त्याची नजर काउंटरकडे गेली. तिथे डोलोरेस हुडाक पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत होती. दोघं एका शाळेतली. तिचा नवरा गेला, ह्याची बायको फ्लोरिडाला निघून गेली, आणि तेव्हापासून क्लेमचं शनिवारचं जेवण इथेच. त्याला कांदा जवळजवळ करपलेला लागतो हे डोलोरेसला ठाऊक होतं आणि तो न सांगताच तसा ताटात यायचा. तेवढ्या कांद्याच्या जोरावर त्याने मनाशी बरंच काही रचलं होतं. आज ड्राफ्ट संपला की तिला रविवारी जेवायला बाहेर चल म्हणायचं, असं ठरवून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

डोलोरेसचं लक्ष मात्र काउंटरवरच्या फोनकडे होतं. फोन तिच्या मुलाचा, मायलोचा. मायलो एका आडगावच्या कॉलेजात खेळायचा, आणि खेळायचा म्हणजे काय, तर वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, मागचा माणूस त्या चेंडूला लाथ मारायचा. एवढंच. असल्या कामाला कोणी ड्राफ्टमध्ये घेतं का, असं क्लेमला वाटे. डोलोरेसच्या तोंडावर तो ते बोलत नसे आणि यालाच तो आपला मोठेपणा समजे. वाट बघणं सहन होईना म्हणून मायलो फोन आईकडे टाकून धक्क्यावर मासे धरायला गेला होता.

फोन वाजला तेव्हा सातवी फेरी संपत आली होती.

"मायलो नाही, मी त्याची आई," डोलोरेस म्हणाली. "तो मासे धरायला गेलाय. काय काम होतं?"

मग ती नुसतीच ऐकत राहिली आणि हातातला झारा धरूनच खोक्यावर बसली. क्षणभराने टीव्हीवर नाव आलं: मायलो हुडाक. आपल्याच संघात. क्लबात एकच कल्ला झाला. कोणी तिला मिठ्या मारल्या, एक जण धक्क्याकडे पळाला. क्लेमनेही उठून टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, आणि मध्येच त्याचे हात थांबले.

कोपऱ्यात जाऊन त्याने ऑफिसला फोन लावला. मुलगी खुशीत होती. नाव भरून केव्हाच टाकलंय म्हणाली, शेवटचं वाक्य लोकांना फार आवडतंय. क्लेम म्हणाला, काढ ते. पण तोवर उशीर झाला होता. क्लबाचा एक रिवाज होता: क्लेमचे गुण आले की म्हाताऱ्या स्टँकोने ते मोठ्याने वाचायचे. आज तर तो खुर्चीवर चढला होता.

"सातवी फेरी," स्टँकोने वाचलं, "मायलो हुडाक. एफ. संघाची गरज कुठली आणि भरती कुठली. याचं नाव पाठ करायची कोणी तसदी घेऊ नये..." आणि तो थांबला.

"पुढे वाच," डोलोरेस म्हणाली.

"नको गं."

"वाच म्हणते ना."

"ऑगस्टात स्वारी परत येईल. आईने त्याची खोली भाड्याने देऊ नये."

कोणी हसलं नाही. क्लेम काउंटरपाशी गेला. "ते मी दुपारीच लिहिलं होतं, डोलोरेस. नाव नंतर भरलं. मायलोबद्दल नव्हतं ते."

"मग कोणाबद्दल होतं?"

"कोणाबद्दलच नव्हतं."

"जो कोणी आला असता, त्याला आई असतीच की. दर वर्षी असते." तिचा आवाज चढला नव्हता. "डिसेंबरात चेंडू लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला आणि आपण हरलो, तेव्हा इथेच ग्लास आपटलास ना तू? पायांमधून धड चेंडू फेकणारा एक माणूस या भिकारड्या संघाला मिळत नाही, म्हणाला होतास."

म्हणाला होता. गळकं छप्पर दाखवत फिरणाऱ्या क्लेमला ते साफ आठवेनासं झालं होतं. आता आठवलं, पण ते बैल गेला नि झोपा केला अशातलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून मायलो आत आला, हातात माशांची बादली, डोळे लाल. सगळ्यांच्या मिठ्यांतून सुटून तो आईच्या गळ्यात पडला. मग शर्टाला हात पुसून त्याने तो क्लेमपुढे केला.

"लहानपणापासून तुमचे गुण वाचतो, मिस्टर बाबियाक. मला काय दिलंत?"

क्लेमने तोंड उघडलं.

"चांगले दिलेत," डोलोरेस म्हणाली. मुलाचा फोन तिने ॲप्रनच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवला. "जा, आधी हात धुऊन ये. माशांचा वास येतोय."

तो आत गेला. माणसं पुन्हा बोलायला लागली, पण हळू. क्लेम आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसला, कारण उठून गेलं असतं तर पोराला कळलं असतं. डोलोरेस त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय देऊ?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"पिरोही," क्लेम म्हणाला.

तिने ताट आणून ठेवलं आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. ताटातला कांदा पांढरा होता, सगळ्यांना वाढतात तसा. क्लेमने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तो कांदा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.