कंट्रोलरबाईंच्या नावाची क्रूझ

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझी उंची साधारण माणसाच्या कमरेइतकी. त्यामुळे मी आयुष्यभर माणसांचे पट्टे, पोटे, पिशव्या आणि पाठीमागे धरलेले हात पाहत आले आहे. वर चेहरा गोड हसत असतो आणि खाली हात काही वेगळेच बोलत असतात. ते पाहून पाहून माझ्या मनात जी किळस साचली आहे, ती आज तुमच्यापुढे ओतणार आहे. नाक मुरडलेत तरी चालेल, पण ऐका.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. यंत्राने माझ्या नळ्या वाकवल्या. चाकांच्या तारा ताणणारी कारागीर बाई प्रत्येक तार बोटाने छेडून तिचा आवाज ऐकायची आणि मगच मान हलवायची. तिच्या हातून सुटले ती थेट एका दवाखान्यात आले. तिथल्या लांब बोळांतून मी किती माणसे नेली याचा हिशेब नाही. रक्त, औषधे, सूप, ओकारी, सगळे माझ्यावर सांडले. मित्रांनो, खरे सांगते, त्याची मला कधी शिसारी आली नाही. आजारी माणसाकडून सांडणारच. फडका मारला की झाले. "ही खुर्ची वळायला फार हलकी," असे वॉर्डबॉय म्हणत आणि मी फुशारून जाई. शिसारी म्हणजे काय, हे मला कळले ते पुढे, एका अत्यंत स्वच्छ घरात.

दवाखान्याने नव्या खुर्च्या घेतल्या आणि मला विकून टाकले. मी ज्यांच्याकडे आले त्यांना सगळे कंट्रोलरबाई म्हणत. बसच्या आगारात काचेच्या खोलीत बसून त्या गाड्या सोडायच्या. भोंग्यावरचा त्यांचा आवाज ऐकला की डुलक्या काढणारे चालक ताडकन उठून बसत. सगळ्या गावाला त्यांनी कुठे कुठे पाठवले, स्वतः मात्र कुठेच गेल्या नाहीत. मग मणक्याच्या दुखण्याने त्यांचे कमरेखालचे अंग गेले. डोके, जीभ आणि कान जागच्या जागी होते. पण माझ्यात बसलेल्या माणसाला हे तीनही असतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. पाहुणे यायचे आणि बाईंच्या डोक्यावरून त्यांच्या मुलाला विचारायचे, "आई जेवतात ना नीट?"

हा त्यांचा थोरला, दातांचा डॉक्टर. त्याच्या घरात फरशी इतकी चकचकीत, की माझ्या चाकांचे ओरखडे पडू नयेत म्हणून मला ठरावीक पट्ट्यातूनच फिरवत. रात्री बाई पलंगावर गेल्या की माझ्या मुठींवर ओले टॉवेल लटकत आणि सीटवर इस्त्रीचे कपडे चढत. एक चाक कुरकुरू लागले, तर सूनबाईने दिवाणखान्यातल्या संगीताचा आवाज वाढवला. तेल घालायचे कोणाला सुचले नाही.

बाईंना पंचाहत्तरावे लागणार होते. सूनबाईने जाहीर केले, "आईंसाठी क्रूझ! सगळ्यांनी मिळून जायचं!" बाईंची लेक घरे विकण्याचा धंदा करते. ती धावत आली. तिने आईच्या गळ्यात हात टाकले, गालाला गाल लावला आणि आई सावरायच्या आत मोबाइल काढून फोटो घेतला.

बाई खरोखर हरखल्या होत्या. मला त्यांच्या हातांतून कळत होते. माझ्या हातावर त्या बोटांनी ठेका धरत होत्या.

त्या रविवारी पर्यटन कंपनीचा माणूस घरी आला. त्याने आणलेल्या गुळगुळीत पुस्तिका टेबलावर मावेनात, कारण तिथे केक, कॉफी आणि सगळ्यांचे मोबाइल होते. मग सूनबाईने त्या पुस्तिका उचलून बाईंच्या मांडीवर रचल्या. विचारले नाही की काही नाही. मांडी म्हणजे जणू तिपाईच! त्या दिवसापासून ज्याला जी हवी ती पुस्तिका तो बाईंच्या अंगावरून ओणवा होऊन उचलायचा आणि परत टाकायचा. केकचे क्रीम लागलेली बोटे माझ्या हातांना पुसली जायची. मित्रांनो, दवाखान्यातल्या ओकारीपेक्षा ते क्रीम मला घाण वाटले.

तीन कंपन्यांची तुलना सुरू झाली. पहिलीचे जहाज म्हणजे तरंगते गावच. त्यावर घसरगुंड्या, बर्फाचे मैदान आणि अखंड चालणारे भोजन. दुसरीचे जहाज लहान आणि फार श्रीमंती. तिथे प्रत्येक सुइटला स्वतंत्र सेवक. तिसरीचे जहाज जुने, थाट कमी, पण बंदरे जास्त.

"तिसरी सोडाच," थोरला म्हणाला. "म्हातारे लोक जातात त्यात."

तो हे आपल्या आईच्या मांडीवरची पुस्तिका उचलताना म्हणाला.

दुसऱ्या कंपनीवर सगळ्यांचा जीव जडला. पुढे किती तरी संध्याकाळी या घरात दुसरे बोलणे झाले नाही. एका सुइटमध्ये पियानो होता. तो वाजवता घरात कोणालाच येत नव्हता, तरी त्यावरून नणंद-भावजयीत रुसवेफुगवे झाले. एका सुइटमध्ये उशांचे मेनूकार्ड होते. सूनबाई ते मोठ्याने वाचायची आणि डोळे मिटायची. लेक म्हणायची, बाल्कनीत गरम पाण्याचा हौद नसेल तर जहाजावर जायचं तरी कशाला? समुद्राचे नाव कोणी काढत नव्हते. खाण्याच्या गोष्टी करताना त्यांच्या ओठांना जी ओल यायची, ती मला खालून दिसायची.

पर्यटनवाल्याने एकदा खाकरून सांगितले, "एक गोष्ट आहे. या मोठ्या सुइटच्या न्हाणीघराला आणि बाल्कनीला उंच उंबरठा आहे. आजींची खुर्ची जाणार नाही. रुंद दाराची, बिनउंबरठ्याची खोली खालच्या मजल्यावर आहे. तिला खिडकी आहे. पण सुइट नाही."

मग थोरला मऊ आवाजात म्हणाला, "आईला तसंही शांतच आवडतं. खालची खोली तिच्यासाठी छानच. नाही का गं?"

हा "नाही का गं" बायकोला होता.

पण खालच्या खोलीत बाईंबरोबर झोपणार कोण? लेक म्हणाली, तिला घोरण्याचा त्रास होतो. सूनबाई म्हणाली, तिला खालच्या मजल्यावर गुदमरते. दोन दिवसांनी बाईंना जहाज लागेल असा शोध लागला. त्यावर डॉक्टरांना विचारायला हवे होते, पण विचारले नाही, कारण ते "जा" म्हणाले असते. आणि शेवटी लेक बाईंसमोर गुडघ्यांवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या उंचीला आली.

"आई, आम्ही एक मस्त जागा बघितलीय. बाग आहे, व्यायाम करून घेतात, नर्स आहेत. आम्ही येईपर्यंत तू तिथे राहा. तुझीही सुट्टीच की! आणि वाढदिवसाला आम्ही जहाजावर तुझ्या नावाचा केक कापू. तू व्हिडिओवर बघ. सगळं तुझ्यासाठीच आहे गं."

ठेका धरणारी त्यांची बोटे माझ्या हाताभोवती आवळली गेली. माझ्या रबराच्या गादीत त्यांची नखे रुतली.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. विहीणबाई म्हणजे सूनबाईची आई. नवऱ्यामागे त्यांनी खिळे, नळ आणि रंगाचे दुकान एकटीने चालवले होते. त्यांचे हात जाड आणि आवाज त्याहून जाड. सूनबाईने त्यांना झाडांना पाणी घालण्यासाठी आणि अधूनमधून बाईंकडे चक्कर टाकण्यासाठी बोलावले होते. क्रूझवर त्यांना नेण्याचा विषय तर कोणी काढलाच नव्हता. माझे कुरकुरणे ऐकून त्या आधी वैतागल्या. पिशवीतून तेलाची कुपी काढून त्यांनी माझ्या चाकात चार थेंब सोडले. मला जी सुटका मिळाली ती शब्दांत सांगता येणार नाही. मग हात पुसत त्यांनी विचारले, "वाढदिवस कोणाचा आहे म्हणालात?"

"माझा," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही कुठे?"

"बागेत."

आजवर या दोघी एकमेकींशी लग्नाकार्यात बोलतात तसे मोजके, मानाचे बोलत आल्या होत्या. त्या दिवशी मात्र विहीणबाईंनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली, बाईंच्या समोर मांडली आणि म्हणाल्या, "अहो, लाज आहे की नाही या पोरांना? माझ्या पोरीसकट बोलतेय मी!"

बाईंनी पुस्तिका सगळ्या वाचल्या होत्या. ज्यांच्या मांडीवर त्या पडून होत्या, त्यांच्याशिवाय त्या घरात कोणीच त्या पूर्ण वाचल्या नव्हत्या. बाईंनी फोन मागितला आणि पर्यटनवाल्याला लावला.

"तुमच्या त्या तिसऱ्या कंपनीकडे रुंद दाराच्या, दोन पलंगांच्या खोल्या आहेत. न्हाणीघर सपाट आहे, डेकवर चढायला उतार आहे. एखादी शिल्लक आहे का?"

पलीकडे तो गडबडला. "आहे की, आजी. पण घरच्यांनी..."

"घरचीच बोलतेय मी."

संध्याकाळी पोरे जमली. सूनबाई नव्या पोहण्याच्या कपड्यांची पिशवी उलगडत होती. बाईंनी आगारातला आवाज काढला. मी तो पहिल्यांदाच ऐकला. माझ्या तारा झणझणल्या.

"मी येणार आहे. तिसऱ्या जहाजाने. तुम्ही सगळे माझ्यासाठी निघालात ना? मग चला माझ्याबरोबर."

मित्रांनो, वर चेहऱ्यांवर हसू आले. "वा, आई! ग्रेटच!" पण मी कमरेच्या उंचीवर होते. थोरल्याची मूठ पाठीमागे वळली. सूनबाईने नणंदेला चिमटा काढला. आणि आठवडा उलटायच्या आत एकेकाची गळती सुरू झाली. थोरल्याकडे अचानक दातांचे रोगी वाढले. लेकीचे एक मोठे घर विकायला आले. सूनबाईची पाठ धरली. कोणीही "येत नाही" असे म्हटले नाही; सगळे "बघतो" म्हणाले. बाईंनी सांगितले, "राहू दे. आम्ही दोघी जातो." तेव्हा त्या खोलीत सुटकेचा जो श्वास सुटला, त्याची ऊब माझ्या लोखंडाला लागली. त्या श्वासाची मला जितकी घृणा वाटली, तितकी आजवर कशाचीच वाटलेली नाही. ते सरळ "नको" म्हणाले असते तर मी समजून घेतले असते. नको असलेल्या माणसाला वर "जपून जा हं" म्हणायचे, हे मला पचले नाही.

आम्ही गेलो. जहाजावर सगळे चांगले होते असे मी म्हणणार नाही. तिथेही माणसे थाळ्यांवर डोंगर रचत, दोन घास खात आणि बाकीचे तसेच टाकून उठत. माझ्या चाकांखाली कोळंब्या चिरडल्या. लिफ्टपाशी एक बाई विहीणबाईंना विचारू लागली, "यांना ऐकू येतं का?"

"येतं," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

पण पहिल्या सकाळी नाश्त्याच्या दालनात एक वाढपी आला. तो बाईंच्या समोर वाकला, त्यांच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आपल्याला कुठे बसायला आवडेल?"

बाईंना लगेच उत्तर देता आले नाही. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिले. विहीणबाईंनी मुद्दाम दुसरीकडे पाहिले. वाढपी थांबून राहिला. त्याला घाई नव्हती. मग बाई हळूच म्हणाल्या, "कडेला. जिथून लाटा दिसतील तिथे."

त्या तिथे बसल्या आणि कॉफी गार होईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. मागून विहीणबाई झोपाळू आवाजात म्हणाल्या, "एवढं पाणी! नळ दुरुस्त करणाऱ्याला वेडच लागेल." बाई इतक्या हसल्या की मी हलले.

वाढदिवसाला व्हिडिओवर सगळी पोरे एका चौकटीत दाटीवाटीने दिसली. "आई, आम्हाला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय!" बाई म्हणाल्या, "वाऱ्याने ऐकू येत नाहीये, ठेवते." वारा मुळीच नव्हता.

परतलो तेव्हा बंदरावर सगळे फुले घेऊन हजर होते. बाईंच्या मांडीवर गुच्छ टाकला, माझ्या दोन्ही मुठी धरून दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि फोटो काढून घेतला. तिथल्या तिथे लेकीने तो जगाला पाठवला आणि मोठ्याने वाचूनही दाखवला : "आईचं स्वप्न आम्ही पूर्ण केलं." माझ्या अंगावर गंज चढल्यासारखे झाले.

मग थोरल्याने, नेहमीप्रमाणे काही न बोलता, मला गाडीकडे ढकलायला सुरुवात केली.

बाईंनी हात खाली नेला आणि माझा ब्रेक ओढला. थोरल्याचे पोट माझ्या मुठीवर आपटले.

"काय झालं, आई?"

"विचार."

"काय विचारू?"

"मला कुठे जायचंय ते."

लोक वळसा घालून जात होते. थोरला लालबुंद झाला. त्याने बायकोकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. कोणी मदतीला आले नाही. विहीणबाई सामानाच्या ढिगावर शांत बसून होत्या. शेवटी तो मागून पुढे आला. पँटला धूळ लागेल याची पर्वा न करता नव्हे, पर्वा करत करतच, पण वाकला.

"कुठे जायचंय, आई?"

"आधी कॉफी प्यायला. मग विहीणबाईंच्या घरी. त्यांच्या दुकानामागची खोली रिकामी आहे. काही दिवस तिथे राहून बघणार आहे मी."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ब्रेक सोडला.

मित्रांनो, आता मी त्या दुकानामागे असते. इथली फरशी खडबडीत आहे आणि रंगाचा वास येतो. तुमच्याकडे माझी मोठी मागणी नाही. माझ्यासारखी एखादी खुर्ची तुमच्या घरात असेल, तर तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका, चाकात तेल घाला. आणि तिच्यात कोणी बसले असेल, तर त्याच्या डोक्यावरून बोलू नका. मागून ढकलण्याआधी पुढे या, वाका आणि विचारा. उत्तर यायला उशीर लागेल. बऱ्याच वर्षांत कोणी विचारलेले नसते. तेवढा वेळ उभे राहा.