आधी व्याह्यांचा मान

लातूर जिल्हा झाला याचा खरा फायदा कुणाला झाला असेल, तर उदगीरच्या ईश्वरप्पांना. आधी कचेरीचं काम म्हटलं की उस्मानाबाद गाठावं लागे. आता नुसतं "लातूरला कचेरीत जाऊन येतो" म्हटलं की झालं, कोणी पुढचं विचारत नसे. आणि ईश्वरप्पांना लातूरला जायचं होतं ते दारू सोडायला.

भुसाराचं दुकान, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि दिवेलागणीला मागच्या गोदामात बाटली. असा हा गृहस्थ. दुष्काळानं विहिरी आटल्या, नळ कोरडे पडले, पण दारूच्या दुकानाला म्हणून कधी दुष्काळ पडला नाही. मिसळायला पाणी मिळेना म्हणून ईश्वरप्पा तशीच घ्यायला लागले, आणि एकदा ज्वारीच्या पोत्यांवर आडवे झाले ते सकाळी बायकोलाच सापडले.

नीलम्मांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर परवडला असता.

"रत्नम्माचं पहिलं बाळंतपण हाय," त्या म्हणाल्या. "रीतीनं माहेरी आणायला पाहिजे. पण असल्या घरात मी लेकीला आणणार न्हाई. तुम्ही सुधरा, मग बघू."

आता घ्या! रत्नम्मा दिलेली निलंग्याला, गुंडप्पांच्या घरात. लेकीला आणलं नाही तर व्याही कारण विचारणार. कारण कळलं तर पोरीनं जन्मभर 'दारुड्याची लेक' म्हणून टोमणे खायचे. ओळखीच्या डॉक्टरनं सांगितलं, लातुरात दर रविवारी एका शाळेत दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, तिथं आडनावसुद्धा विचारत नाहीत. ईश्वरप्पांनी पुढच्याच रविवारी एसटी धरली.

लातूरच्या स्टँडवर उतरले, तर समोर साक्षात व्याही!

"शरणार्थी," गुंडप्पांनी हात जोडून नमस्कार घातला. "इकडं कुणीकडं?"

"कचेरीत काम होतं जरा. तुमचं?"

"माझंबी कचेरीतच."

झालं! व्याही भेटल्यावर त्याला वाटेतच सोडायची सोय आहे का? त्यात ईश्वरप्पा पडले मुलीकडचे. त्यांनी चहा पाजला, पान दिलं, गुंडप्पांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि "चला, संगंच जाऊ" म्हणाले. रणरणत्या उन्हात दोघं नव्या कचेरीपर्यंत चालत गेले. फाटकाला हे एवढं कुलूप. रविवार नव्हता का! दोघेही त्या कुलपाकडं बघत उभे राहिले.

"बंद हाय वाटतं," गुंडप्पा म्हणाले.

"हाव की. नवा जिल्हा हाय, बसलं न्हाई अजून नीट त्यांचं."

"मग निघा तुम्ही उदगीरला."

"असं कसं? तुम्हाला गाडीत बसवल्याबिगर मी कसा जाऊ?"

बैठकीची वेळ होत आली तसे ईश्वरप्पा कासावीस झाले. शेवटी गुंडप्पाच म्हणाले की त्यांना एका पाव्हण्याला भेटायचंय. ईश्वरप्पांनाही लगेच एक पाव्हणा आठवला. कुठला पाव्हणा, हे एरवी सात पिढ्यांपर्यंत विचारणारी ही माणसं, पण आज दोघंही निघायच्या घाईत होती. पिशवी परत दिली, नमस्कार झाले, एक या गल्लीनं गेला, दुसरा त्या गल्लीनं, आणि शाळेच्या फाटकात दोघं पुन्हा समोरासमोर आले.

धरणीनं पोटात घ्यावं असं ईश्वरप्पांना झालं. आता पळावं तरी कुठं? आता टोमण्यांनी मेली बिचारी पोरगी, असंच मनात आलं. पण रीत ती रीत. तोंडातून निघालं, "व्हा पुढं."

"छे छे, तुम्ही व्हा."

वर्गात पाचसहा माणसं बाकांवर अवघडून बसली होती. बैठक चालवणारे किशनराव हे पूर्वीचे एसटी ड्रायव्हर. त्यांनी विचारलं, नव्यांपैकी आधी कोण बोलतंय?

"आधी व्याह्यांचा मान," ईश्वरप्पा म्हणाले.

"मुलीकडच्यांना डावलून मी बोलू व्हय? बरं दिसत न्हाई ते," गुंडप्पा म्हणाले.

हे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' इतकं लांबलं की किशनराव वैतागले. "लग्नाची पंगत हाय का ही? इथं कुणी व्याही न्हाई, कुणी जावई न्हाई. सगळे बेवडे. उठा कुणीतरी."

गुंडप्पा उठले. ईश्वरप्पांकडं न बघता, फळ्याकडं बघून बोलू लागले.

"मी गुंडप्पा. पितो. घरात कुणाला कळत न्हाई असं वाटायचं मला. पण सून आली आन् तिनं आठ दिवसांत वळखलं. म्हणली, मामा, बाप पिऊन निजल्यावर आवाज न करता दार कसं उघडायचं, हे मी लहानपणीच शिकले. माझ्या लेकराला ते शिकायला लावू नका. मी म्हणलं, मग बाळंतपणाला माहेरी जा, बाई. तर म्हणली, जाऊन काय करू? तिथंबी तेच हाय."

ते खाली बसले. ईश्वरप्पांचे डोळे भरून आले होते आणि पुसायचंही भान नव्हतं. कोणी नाव घेतलं नाही, कोणी बोलावलं नाही. ते बाकाला धरून आपणच उभे राहिले.

"मी ईश्वरप्पा," ते म्हणाले. "ती पोरगी माझी."