वेळ न सांगितलेला खेळ

मित्रांनो, जरा मागे सरका आणि कान झाकून घ्या. मी एक जुना भोंगा आहे. हळू बोलणे मला जन्मात जमले नाही.

माझा जन्मच मुळी मारातून झाला. एका पत्रेवाल्याने ॲल्युमिनियमचा पत्रा गोल कापला, साच्यावर धरला आणि लाकडी हातोड्याने बडव बडव बडवला. पत्रा कुरकुरला की तो म्हणायचा, "गप रे! अजून तोंड फुटलं नाही, आत्तापासूनच कटकट?" मग त्याने मला दीड हात रुंद तोंड दिले. ते मिटण्याची सोय मात्र त्याने केली नाही. भोंग्याला तोंड असते, पण ते बंद ठेवणे त्याच्या हातात नसते.

मला एका लहान गावातल्या चित्रपटगृहाच्या मालकांनी विकत घेतले. गावात एकच चित्रपटगृह होते. एक पडदा, तीनशे लाकडी खुर्च्या आणि वर पत्र्याचे छप्पर. दर शुक्रवारी सिनेमा बदलायचा. तिथे काय लागले आहे हे कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नसे. ते गावाला मी सांगायचो. एका तीनचाकी सायकलगाडीच्या दोन्ही बाजूंना रंगीत पोस्टर लावलेले असे, आसनाखाली बॅटरी असे आणि सर्वांत वर माझी स्वारी! गाडी चालवणाऱ्या माणसाच्या गळ्यात तारेने माइक अडकवलेला असे. एकदा बटण दाबले की फेरी संपेपर्यंत तो चालूच राहायचा.

त्या माणसाला पोरे ढिशुमकाका म्हणत आणि मग सारा गावच म्हणू लागला. इतर गावांतले पुकारणारे नुसते म्हणायचे, "तुफान हाणामारी!" आमचे काका ती हाणामारी करून दाखवायचे. गुंडाचा आवाज तेच काढणार, मार खाणाराही तेच. मांडीवर थाप मारली की ठोसा, खिशातली वाळकी काटकी मोडली की हाड, गाडीच्या फळीवर लाथ घातली की माणूस कोसळला! मग काका असे विव्हळायचे की दारात उभ्या असलेल्या बायका तोंडावर हात ठेवायच्या. आणि मेलेला माणूस एकाएकी घसा खाकरून शांतपणे सांगायचा, "रोज तीन खेळ. तीन, सहा आणि नऊ." लोक हसून हसून बेजार व्हायचे.

रात्री गाडी काकांच्या दारात उभी असे आणि या मरणाची तालीम आत स्वयंपाकघरात चालायची. काकू शिवणयंत्रावर गावातल्यांचे कपडे शिवायच्या आणि न बघता चुका काढायच्या. "अहो, हे ओरडणं खोटं वाटतंय. पोटात गुद्दा बसला की माणसाला ओरडता येत नाही, श्वासच अडकतो." दुसऱ्या दिवशी काकांचा श्वास अडकायचा. "आता कसं?" ते विचारायचे. "आता बरं मेलात," काकू म्हणायच्या. "उठा, भाजी करपतेय."

तेव्हा मला मोठा गर्व होता. माझ्या तोंडून दिवसाला दहा-बारा खून पडायचे. भोसकणे, जाळणे, गळा आवळणे, कशालाच मी नाही म्हटले नाही. जितका मार भयंकर, तितकी तिकिटाची रांग लांब. मी स्वतःला त्या चित्रपटगृहाचा खांब समजत होतो.

एका संध्याकाळी त्या रांगेत खरीच मारामारी झाली. तिघे उडाणटप्पू बायकांच्या रांगेत घुसले. शाळेतल्या बाईंनी त्यांना हटकले, तर त्यांनी बाईंना पायऱ्यांवरून ढकलून दिले. बाईंचे मनगट मोडले. दारावरच्या माणसाने तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी भर बाजारात काकांनी गाडी थांबवली. त्या दिवशी ना ठोसा, ना काटकी. ते साध्या आवाजात म्हणाले, "ज्या तिघांनी काल बाईंचा हात मोडला, त्यांनी आमच्या थेटरची पायरी चढू नये. तुमची नावं मला माहीत आहेत. परत दिसलात तर याच भोंग्यातून पुकारीन."

मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "कशाला हे विकतचं दुखणं घेतलंस?"

"मालक, सिनेमात असं कुणी गप्प बसलं तर आपलेच लोक त्याला शिव्या घालतात," काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आमची गाडी लाकडाच्या वखारीमागच्या वळणावर आली. तिथे दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत. ते तिघे तिथेच थांबले होते. एकाने गाडी उलटवली. मी दगडावर आपटलो आणि माझी कड आत वळली. दुसऱ्याच्या हातात सायकलची साखळी होती, तिसऱ्याकडे वखारीतला दांडा.

"अरे, भोंगा चालू आहे," साखळीवाला दचकून म्हणाला.

दांडेवाला हसला. "असू दे की! गावाला वाटेल, सिनेमाच आहे."

मित्रांनो, त्याचे खरे ठरले.

पहिला दांडा गुडघ्यावर बसला. साखळी पाठीवर पडली, मग तोंडावर. दात फुटल्याचा आवाज मी साऱ्या गावाला ऐकवला. काका म्हणाले, "मारू नका." तेही मी ऐकवले, चांगले दणदणीत करून. "कुणीतरी या रे!" ही हाक तर मी नदीपर्यंत पोहोचवली. न्हाव्याने वस्तरा थांबवून गिऱ्हाइकाला म्हटले, "आज काका भलतेच रंगात आहेत." शाळेत पोरांनी बाकांवर ठेका धरला. हे मला नंतर कळले. पण एका गच्चीवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, "शाब्बास काका! अजून जोरात!" ते मी माझ्या कानांनी ऐकले. लोकांना ही सवय कोणी लावली? आम्हीच लावली. मी लावली.

मग पोटात लाथ बसली आणि काकांचा श्वास अडकला. दांडेवाल्याने त्यांच्या गळ्यावर बूट ठेवला आणि सगळा भार टाकला. त्यानंतर माझ्यातून नुसती खरखर येत राहिली.

घरी काकू यंत्र चालवत ऐकत होत्या. शेजारणीला म्हणाल्यासुद्धा, "आज छान जमलंय हो यांना." आणि त्यांचा पाय थांबला. त्यांनी थोडी वाट पाहिली. वीस वर्षांत असे एकदाही झाले नव्हते.

"वेळ का नाही सांगितली यांनी?" एवढेच बोलून त्या उठल्या आणि हातातल्या कात्रीसकट माझ्या खरखरीच्या दिशेने धावत सुटल्या.

त्या आल्या तेव्हा बूट अजून गळ्यावरच होता. काकूंनी मुठीपर्यंत कात्री त्या माणसाच्या मांडीत खुपसली आणि फिरवली. तो असा किंचाळला की माझा पत्रा थरथरला. बाकीचे दोघे पळाले, तो लंगडत रक्त सांडत त्यांच्यामागे गेला. काकूंनी काकांचे डोके मांडीवर घेतले. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "धावा! अहो, कुणीतरी धावा! मारलं हो यांना!"

माइक काकांच्या छातीवरच होता. मी तेही इमानेइतबारे गावभर पोहोचवले. आणि गच्चीवरचा माणूस म्हणाला, "आज काकूंना पण कामाला लावलंय वाटतं!"

कोणीही आले नाही. काकूंनी गाडी सरळ केली, नवऱ्याला काखेत धरून फळीवर ओढले आणि एकट्याने गाडी ढकलत बाजारातून दवाखान्याकडे नेली. आम्ही ज्या ज्या दुकानापुढून गेलो, तिथले हसू एकेक करून थांबले.

बाजारात नसलेल्यांना अजून पत्ताच नव्हता; संध्याकाळचा खेळ आठवड्यात पहिल्यांदाच हाऊसफुल्ल गेला. बाहेर पडताना लोक दारावरच्या माणसाशी हुज्जत घालत होते. "गळ्यावर पाय देतो ती मारामारी कुठंय? कापली काय तुम्ही?"

काका वाचले. मांडीच्या जखमेमुळे एक गुंड पकडला गेला आणि त्याने दुसऱ्या दोघांचा ठावठिकाणा सांगितला. तिघेही तुरुंगात गेले. पण काकांचा गळा आतून चिरडला होता. तोंड उघडले की नुसता वारा यायचा. ज्या माणसाने गावाला हजार वेळा मरून दाखवले, त्याला आता पाणी हवे असले तरी भांडे वाजवावे लागे.

आठव्या दिवशी काकूंनी मला पुन्हा गाडीवर चढवले आणि त्याच रस्त्यांनी फिरवले. त्यांचा आवाज बारीक होता. मी तो होता तसाच मोठा केला.

"त्या दिवशी दुपारी तुम्ही जे ऐकलंत ते थेटरात लागलेलं नाही. ते आमच्या घरी आहे. ज्यांना बघायचं राहिलंय त्यांनी येऊन बघून जा."

लोक आले. पायांतल्या वहाणा बाहेर काढून, माना खाली घालून आले. न्हावी आला, शाळेतल्या बाई हात गळ्यात बांधून आल्या, गच्चीवरचा माणूसही आला. तो खूप वेळ उंबऱ्यावर उभा होता. काकांनी त्याला हाताने आत बोलावले, तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. मला वाटले होते की काकू त्याला चार शब्द सुनावतील. त्यांनी पाण्याचे भांडे त्याच्या पुढे ठेवले आणि त्या आत निघून गेल्या.

आता मी चित्रपटगृहाच्या माळ्यावर पडून आहे. सिनेमाची बातमी हल्ली लोकांच्या खिशातच येते. माझ्यात धूळ साचली आहे, पण मला पुसा किंवा रंग द्या असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्याने गप्प राहिलेलेच बरे. माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, भिंतीपलीकडून कोणी ओरडले, तर तो खेळ आहे की खरे, याचा विचार बसल्या जागी करू नका. आधी उठा आणि जाऊन बघा. खोटे निघाले तर हसत परत या, कोणाचे काही बिघडणार नाही. खरे निघाले तर तुम्हाला दिसेल की तिथे तुमच्याआधी कोणीही आलेले नाही.