एका दिवसापुरती अकरा पोरं

दोन्ही बालवाड्या सरकारीच. एक वरच्या आळीत, दुसरी खाली कचरा डेपोच्या मागे. मध्ये पाच मिनिटांची चढण. वर घसरगुंडी, रंगवलेल्या भिंती, मुलांच्या उंचीचे नळ. खाली नळच नाही, आणि पोरं मात्र दाराबाहेर येईतो दाटलेली. कुणालाही कुठेही प्रवेश, असं कागद म्हणतो. तरी सफाईवाल्यांची पोरं खालीच जातात, नाहीतर घरी बसतात.

वरची बालवाडी रोज झाडणाऱ्या मावशीने यंदा नातीचा, ठकीचा, अर्ज वरच भरला.

"जागा नाही हो मावशी," मोठ्या बाई कागद न बघताच म्हणाल्या. "आणि तिला तुमच्यातच बरं वाटेल."

मावशी वर्गात गेली. दप्तरांच्या तीस खुंट्या तीच पुसायची. त्यातल्या अकरांवर वर्षभर दप्तर लागलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठकी घरीच राहिली.

मग पत्र आलं. भागातल्या बालवाड्यांची तुलना करायला सरकारी पाहणीच्या मॅडम येणार. तिसांचा पट नसेल ती बालवाडी दुसरीत मिसळणार. वरची खालचीत! मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी, तुमच्याकडची घरी बसलेली अकरा पोरं आणा ना. एका दिवसापुरती. आंघोळ घालून हं! मोजणी झाली की घेऊन जा."

"पटावर नावं लागतील की."

"लिहिते ना मी. मागच्या हजेरीसकट."

"लिहा बाई. नीट शाईने लिहा."

पाहणीच्या दिवशी अकरा पोरं आली, आणि न बोलावता त्यांच्या अकरा आयाही आल्या. मॅडमनी एकेक नाव वाचलं, पटावर सही केली. तेव्हा मावशी पुढे झाली.

"मॅडम, पटावरचं पोर उद्या दारातून परत पाठवता येतं का हो?"

"छे! असं कोण करतं?"

मावशीने मोठ्या बाईंकडे पाहिलं. अकरा आयांनीही पाहिलं. खोटी हजेरी कबूल करायची, नाहीतर पोरं घ्यायची.

"कोणी नाही," बाई पुटपुटल्या.

मॅडम गेल्यावर त्यांनी मावशीला कोपऱ्यात गाठलं. "असा दावा साधलात होय! वरच्या आळीतले पालक मला फाडून खातील. मी तोंड कुठे दाखवू?"

"खाली या. तिथे कोणी काही म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही जणं दारात हजर. वरच्या आळीतल्या आया नाकाला रुमाल लावून बघत होत्या. ठकीचं नाक वाहत होतं.

"पुसा ना बाई," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमच्याच पटावरची आहे."

बाई वाकल्या. त्यांनी ते नाक पुसलं, ठकीचा हात धरला आणि तिला आत नेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशीने ते पाणी डोळे भरून पाहिलं, आणि तिला तिळमात्र दया आली नाही. का यावी, हे ज्याच्या भागात अशा दोन बालवाड्या आहेत त्याने सांगावं.