सावलीच्या घळीत तिघं

आज काही डोंगरावर नेणारी लिफ्ट सुरू होत नाही, वारा बघा केवढा सुटलाय. बसलोच आहोत कोंडून, तर ऐका. आमच्या गावची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलीये म्हणे, पण अर्धीच पोचली असणार. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

तर यंदा आमच्याकडे बर्फच नाही. जानेवारी संपत आला तरी डोंगर हिरवागार. वरच्या लिफ्टपासून गावापर्यंत बर्फ बनवणाऱ्या यंत्राच्या तोफांनी उडवलेल्या बर्फाचा एकच पट्टा, दोन ट्रॅक्टर जेमतेम शेजारून जातील एवढा, आणि दोन्ही बाजूंना गवत. स्की करणाऱ्यांची सगळी गर्दी त्या पट्ट्यावर. वर जा, खाली या, वर जा, खाली या. सकाळी त्याची काच झालेली असायची आणि दुपारी लापशी. मला अगदी पिंजऱ्यातल्या खारीसारखं व्हायला लागलं होतं.

त्यात बाबांचा हुकूम, पट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबा आमच्या बचाव पथकाचे प्रमुख. नाताळात चार पाहुण्यांना झुडपांतून ओढून काढावं लागलं, तेव्हापासून ते पेटलेलेच होते. एकदा जेवताना म्हणाले, या घरातल्या कुणी पथकाला हाक मारली, तर हाक मारणारा तीन आठवडे आपल्या अतिथीगृहात भांडी घासेल, मग तो कुणीही असो. आई म्हणाली, हा कसला नियम, अडकलेल्या माणसाने काय मरायचं? तर म्हणे, अडकूच नये.

आता हे कुणासाठी होतं ते टेबलाखालच्या कुत्र्यालाही कळलं. सोमवारी मी इथे निघणार होते ना, हिमनदीवर, या प्रशिक्षक होण्याच्या कोर्सला. दोन वर्षं नंबर लागायची वाट बघितली होती. भांडी म्हणजे कोर्स गेला.

आणि शनिवारी आमच्या शेजारचा कासियान सांगत आला की सावलीची घळ वरून पांढरी दिसतेय.

ही घळ शिखराच्या मागच्या अंगाला आहे. तिथे ऊन शिरतच नाही, ईस्टरपर्यंत बर्फ असतोच असतो. पाहुण्यांना ती माहीतही नाही, आणि आम्ही चालायला लागल्यापासून तिथे उतरतोय. मीच म्हटलं, तिथे अडकणं म्हणजे स्वतःच्या अंगणात हरवणं. आमच्याकडे घरटी स्कींची एक जुनी जोडी असतेच, दगडांवर घासायला. कासियानने तसल्या स्की घेतल्या, मी माझा जुना स्नोबोर्ड घेतला आणि निघालो.

वरचा अर्धा भाग काय होता म्हणून सांगू! जुना, ओला, जाड साखरेसारखा बर्फ, पायाखाली सर्रकन सरकणारा. मधेच एखादा दगड खर्रकन लागायचा आणि आम्ही खिदळायचो. मी तर मोठमोठ्याने गात होते. मग घळ वळते, दोन्हीकडे कडे येतात, तिथे वळले आणि पुढे बर्फच नाही.

त्या वळणाखाली ओढा आहे. दरवर्षी बर्फ त्याच्यावर छतासारखा बसतो आणि आपण त्यावरून निघून जातो. यंदा ते छत खाली पडलं होतं. खड्डा, काळं पाणी, बाजूला शेवाळलेले कडे. परत वर चढायला गेलो तर कासियान कमरेपर्यंत आत गेला आणि पायाखालून पाण्याचा आवाज यायला लागला. कसाबसा ओढून काढला त्याला. मग उरलं काय, तर आमच्या जेवणघराएवढा एक बर्फाचा तुकडा. वर जाता येईना, खालीही जाता येईना.

कासियान म्हणाला, पथकाला बोलाव. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, भांडी घासणं बुडण्यापेक्षा बरं. मी तरी नाहीच म्हटलं. पण त्याचे बूट भिजलेले, दात वाजत होते, तोंडाचा रंग गेलेला. ते बघून माझा हट्टच गळाला. तरी पथकाचा नंबर नाहीच लावला. तो लावला की गावात भोंगा वाजतो आणि आख्खं गाव घरातली पोरं मोजायला लागतं. मी नुसता बाबांना फोन केला. सावलीच्या घळीत अडकलोय एवढंच बोलले.

ते म्हणाले, "हलू नका. मी येतो. कुणाला सांगू नका." आणि फोन कटला.

आम्हाला वाटलं, खालून येतील, शिडी घेऊन. कुठलं काय! वरून आले. त्यांच्या दगडांवर घासायच्या जुन्या स्कींवर, खांद्याला दोरी, शीळ घालत, काय सुंदर वळणं घेत. मी दोन्ही हात हलवून थांबा थांबा ओरडले, त्यांना वाटलं कौतुक करतेय. आमच्याशेजारी येऊन थांबले आणि खाली बघितलं.

"छत कुठे गेलं?"

"पडलं, बाबा."

"मला वाटलं कुणाचा तरी पाय मुरगळलाय. या घळीत माणूस अडकेल कसा?"

मग दोरी बांधायला जागा शोधली. झाड एक नाही, आणि कड्याचा दगड हातात सुटून येत होता. बाबा स्की काढून मुकाट्याने बर्फावर बसले.

कासियानने हळूच विचारलं, "काका, आता मारायची का हाक?"

बाबांनी फोन लावला. पथकात त्यांच्या खालोखाल थेक्ला, ती बेकरीवाली. तिचा आवाज असा की फोन न लावताही ऐकू यावा.

"कितीजण अडकलेत?"

"दोघं," बाबा म्हणाले. मग घसा खाकरून, "तिघं."

"तिसरा कोण?"

"मी."

पलीकडे मग कुणीतरी फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज, आणि थोड्या वेळाने दरीतून भोंगा.

ते येईपर्यंत थंडी मरणाची. बाबा म्हणाले, अंग हलतं ठेवा. हलवायचं कुठे? त्याच तुकड्यावर. वरच्या कडेवरून सुटायचं, दोन वळणं घ्यायची, खड्ड्याच्या बरंच अलीकडे थांबायचं, पुन्हा चढायचं. थोड्या वेळाने कासियानच्या गालावर रंग आला आणि तो चेकाळला, उलटा काय उतरतोय, एका पायावर काय. बाबा बसून बघत होते, ओठ निळे. माझ्या बोर्डला ते आजवर इस्त्रीची फळी म्हणत आलेले. मी तो काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"या बाबा. करा इस्त्री."

पहिल्यांदा बुडावर आपटले. दुसऱ्यांदाही. मी त्यांचे हात धरून सांगत होते, टाचेवर, आता बोटांवर, खाली बघू नका. आणि मग एक वळण जमलं. कोंबडीसारखे हात पसरून का होईना, पण जमलं. वर बघून म्हणाले, पुन्हा. मग आणखी पुन्हा. त्या खड्ड्याचा आम्हाला विसरच पडला होता.

तेवढ्यात खालून थेक्लाचा आवाज आला, "प्रमुख, तुमचं खेळून झालं असेल तर शिडी लावू का?"

तुमच्यापर्यंत पोचलंय ते एवढंच. आता पुढचं.

त्या रात्री आई सूप वाढत होती. मी माझी भरलेली बॅग जिन्याखालून काढून रिकामी करायला घेतली होती. कपडे एकेक करून परत कपाटात. तेवढ्यात आईने विचारलं, "पथकाला हाक कुणी मारली?"

मी मान खाली घातली. बाबा सुपात चमचा फिरवत होते.

"मी," ते म्हणाले.

"मग झालं तर," आई म्हणाली आणि पाव पुढे सरकवला.

सोमवारी सकाळी मी बसमध्ये बसले. थांबा आमच्या अतिथीगृहाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच आहे. काचेवर वाफ, आत बाबा, आईचा फुलाफुलांचा एप्रन घालून, कोपरापर्यंत फेसात. बस सुटली तसं त्यांनी एक मोठं ताट दोन्ही हातांत आडवं धरलं आणि मला दाखवून तिरपं केलं. आधी टाचेकडे, मग बोटांकडे.